समुद्र प्रयोगशाळेचं ग्रंथालय आपल्या काय कामाचं? नवीन काय, येत्या तारखा कोणत्या, आणि वापरायचं कसं



समुद्रावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थांची ग्रंथालयं आता आपल्यासाठी बऱ्यापैकी उघडी झाली आहेत, असं आम्ही मागे एका पोस्टमध्ये लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच सभासदांचा एकच प्रश्न आला: "ती इंग्रजी पुस्तकं शास्त्रज्ञांची. आपल्याला जाळं टाकायचंय, वाचून काय करायचं?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून आज सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, पण सेव्ह करून ठेवा. सुरत, ओलपाड, नवसारी, वलसाड आणि खाली उंबरगाव-डहाणूपर्यंतच्या सगळ्यांच्या उपयोगाची आहे.

आधी मुद्द्याचं

किनाऱ्यावर बंदर, जेटी, कारखाना किंवा भराव येणार असेल तर त्याआधी पर्यावरण अहवाल तयार होतो. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची नोटीस किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा पंचायतीत पाहायला मिळतो, आणि त्याचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे गुजरातीत, द्यावा लागतो.

त्या अहवालात मासेमारीवर एक भाग असतो. तिथे "या भागात उल्लेखनीय मासेमारी नाही" असं एक वाक्य आलं, की पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यावर आपलं घर चाललं ते पाणी कागदावर रिकामं ठरतं. आपण सुनावणीत उभं राहून "आमचे आजोबा इथे मासे धरत होते" एवढंच सांगितलं, तर ते ऐकून घेतात आणि पुढे जातात. पण "अमुक साली, अमुक संस्थेने, अमुक पानावर या खाडीतल्या मासळीची नोंद केली आहे, ही घ्या प्रत" असं म्हटलं, तर त्याला लेखी उत्तर मागता येतं.

ती प्रत या ग्रंथालयांत असते. आपल्या दृष्टीने त्यांचं पहिलं महत्त्व हे.

दोन निकाल लक्षात ठेवा

पहिला आपल्या जवळचाच. हजिरा मच्छीमार समितीच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने ८ जानेवारी २०१६ रोजी निकाल दिला. हजिऱ्याच्या बंदर-विस्ताराला मिळालेली पर्यावरण मंजुरी रद्द केली आणि नुकसानीपोटी २५ कोटी रुपये भरायला सांगितले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

दुसरा रायगडचा. उरण भागातल्या पारंपरिक कोळी मच्छीमारांच्या अर्जावर त्याच लवादाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० कुटुंबांना मिळून ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्यावरही पुढे अपिलं झाली.

निकाल काहीही लागो, अशा प्रत्येक दाव्यात तेच तीन प्रश्न येतात: इथे मासेमारी होती का? किती लोक करत होते? किती आणि कोणती मासळी मिळत होती? तिन्ही प्रश्नांना कागद लागतो. आणि तो कागद वाद सुरू होण्याच्या आधीचा असला तरच त्याला वजन.

कोणतं ग्रंथालय कुठे आहे

१. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था, म्हणजे सीएमएफआरआय. ३ फेब्रुवारी १९४७ ला सुरू झाली, मुख्यालय आता कोचीत. आपल्याला जवळची केंद्रं दोन, मुंबईत वर्सोवा आणि सौराष्ट्रात वेरावळ. देशभर कुठल्या बंदरावर किती मासळी उतरली याचा अंदाज हीच संस्था वर्षानुवर्षं काढते.

२. केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था, म्हणजे सीआयएफई. १९६१ पासून मुंबईत, तीही वर्सोव्यालाच. इथे मत्स्यशास्त्राचे विद्यार्थी प्रबंध लिहितात. वेसाव्याच्या कोळीवाड्यात तुमचे नातेवाईक असतील तर वाट विचारायला लांब जायला नको.

३. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे एनआयओ. १ जानेवारी १९६६ ला स्थापना, मुख्यालय गोव्यात दोना पावला, प्रादेशिक केंद्र मुंबईत. पाण्याचे प्रवाह, गाळ, खारटपणा, प्रदूषण या विषयांसाठी इकडे पाहायचं.

४. निमखाऱ्या पाण्यातल्या शेतीची केंद्रीय संस्था, म्हणजे सीबा. मुख्यालय चेन्नईत, पण एक केंद्र आपल्या शेजारी नवसारीत आहे. ओलपाड-चोऱ्यासीकडे कोळंबीचे तलाव असणाऱ्यांनी आधी इथे जावं.

ही ग्रंथालयं आधी संस्थेच्या लोकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी आहेत. पुस्तक घरी मिळणार नाही. पण संस्थेच्या लेटरहेडवर पत्र देऊन, आधी फोन करून, बसून वाचायची परवानगी मागता येते. पत्र आपण देऊ. मात्र बऱ्याच वेळा जायची गरजच पडत नाही, ते पुढे सांगतो.

नवीन काय?

*एक, घरबसल्या मोफत.* सीएमएफआरआयच्या ग्रंथालयाने आपले लेख, पुस्तिका, जुने अंक स्कॅन करून "ईप्रिंट्स" नावाच्या साइटवर ठेवले आहेत. हजारो कागद आहेत आणि बहुतेक सरळ मोबाइलवर उतरवता येतात, पैसे नाहीत. एनआयओचंही असंच भांडार आहे. कृषी विद्यापीठांचे आणि सीआयएफईचे प्रबंध "कृषिकोश" नावाच्या साइटवर मिळतात.

*दोन, जगभरचं एका जागी.* समुद्र आणि मासळीवरच्या कागदांची दोन मोठी भांडारं होती. २०२१ मध्ये ती एकत्र करून "ॲक्वाडॉक्स" झालं. युनेस्कोचा समुद्रविज्ञान आयोग आणि समुद्र-ग्रंथपालांची आंतरराष्ट्रीय संघटना यांचं हे काम. श्रीलंका, आफ्रिका, युरोप, कुठलीही नोंद तिथे शोधता येते.

*तीन, हिंदीतलं वाचन.* इंग्रजी जड जातं त्यांच्यासाठी: सीएमएफआरआय १९७८ पासून "समुद्री मात्स्यिकी सूचना सेवा" नावाचं पत्रक काढते. ते इंग्रजीबरोबर हिंदीतही निघतं. लेख छोटे असतात: कुठल्या बंदरावर अचानक कोणता मासा आला, कुठे नवीन जाळं वापरलं, कुठे देवमासा किनाऱ्याला लागला. सुरुवात करायला हेच चांगलं.

*चार, गणना.* देशातल्या सागरी मच्छीमारांची गणना १९८०, २००५, २०१० आणि २०१६ ला झाली. पाचवी २०२५ च्या अखेरीस मोबाइल ॲपवर झाली. २०१० च्या गणनेत गुजरातमध्ये २४७ मच्छीमार गावं, मासळी उतरवण्याची १२१ केंद्रं आणि ६२,२३१ मच्छीमार कुटुंबं नोंदली होती. राज्याचा वेगळा खंड ईप्रिंट्सवर आहे, त्यात जिल्ह्यांचे तक्ते आहेत. प्रत्येकाने आपला जिल्हा आणि आपलं गाव काढून पाहावं. नव्या गणनेचे खंड आले की जुन्याशी ताडून बघायचं. गाव सुटलं असेल किंवा आकडा फारच कमी वाटला तर तेव्हाच लेखी कळवायचं, दहा वर्षांनी नाही.

सुरतचं जुनं शोधायचं तर मुंबईच्या नावाखाली शोधा

ही गोष्ट बऱ्याच जणांना सुचत नाही. गुजरात राज्य झालं १ मे १९६० ला. त्याआधी सुरत जिल्हा मुंबई राज्यात, आणि त्याच्याही आधी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होता. त्यामुळे १९६० च्या आधीच्या कागदात "गुजरात" टाकून शोधलं तर हाती फारसं लागत नाही. "बॉम्बे" टाका, मग सुरत, दमण, बलसाड ही नावं दिसू लागतात. वलसाडचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हा "बलसार" होतं आणि भरूचचं "ब्रोच", हेही लक्षात ठेवा.

दोन जुनी पुस्तकं सांगतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दुसरा खंड, सुरत आणि भरूच जिल्ह्यांवरचा, १८७७ चा आहे. जिल्ह्यातल्या नद्या, बंदरं, जाती-जमाती आणि त्यांचे धंदे त्यात आहेत. दुसरं, एच. टी. सोर्ली या इंग्रज अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याच्या सागरी मासेमारीवर लिहिलेला अहवाल. तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातला आहे. "इथे मासेमारी कधीपासून?" या प्रश्नाला अशा कागदांचा आधार लागतो.

माशाचं नाव कसं टाकायचं

आपण "बोंबील" टाकून शोधलं तर रेसिपी येतात. संशोधनाचे लेख शास्त्रीय नावाने सापडतात. अडचण अशी की शास्त्रीय नावंही काळानुसार बदलली आहेत. म्हणून जुनं आणि नवं, दोन्ही टाकायचं. नेहमीची पाच देतो:

- बोंबील: आता "हार्पाडॉन नेहेरियस". जुन्या लेखांत "हार्पोडॉन", एका अक्षराचा फरक, पण शोधताना तोच नडतो.
- घोळ: आता "प्रोटोनिबिया डायाकँथस", जुनं "स्युडोसायना डायाकँथस".
- हिलसा, म्हणजे पाला: आता "टेनुअलोसा इलिशा", जुनं "हिलसा इलिशा".
- पापलेट: जुन्या लेखांत "पॅम्पस अर्जेन्टियस", अलीकडे आपल्या समुद्रातल्या पापलेटसाठी "पॅम्पस कँडिडस".
- निवटी, इथे लेवटा म्हणतात ती: "बोलिओफ्थॅल्मस".

इंग्रजी स्पेलिंगचा तक्ता संस्थेच्या कार्यालयात लावला आहे, फोटो काढून न्या. कॉलेजात जाणारी मुलं-मुली घरात असतील तर त्यांना हे काम द्या, अर्ध्या तासात जमतं.

तीन उदाहरणं, म्हणजे पटेल

*बोंबील.* एस. व्ही. बापट यांनी बोंबलावर लिहिलेली पुस्तिका सीएमएफआरआयने १९७० साली बुलेटिन क्रमांक २१ म्हणून काढली. बोंबलाची मोठी मासेमारी मुंबईच्या आसपासपासून वर सौराष्ट्रापर्यंतच्या पट्ट्यात, डोलीच्या जाळ्याने होते. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक भावनगरकडे १० मीटरच्या घरात जातो, आणि डोल चालते ती याच ओढीवर. आज बोंबील लहान आणि कमी मिळतो अशी तक्रार आपण सगळेच करतो. पण "कमी" म्हणजे कशापेक्षा कमी? त्यासाठी पन्नास वर्षांपूर्वीचं माप हातात हवं. ते अशा पुस्तिकेत असतं.

*घोळ.* नोव्हेंबर २०२३ मध्ये अहमदाबादच्या मत्स्य परिषदेत घोळ गुजरातचा राज्य-मासा जाहीर झाला. महाराष्ट्राने त्याच वर्षी पापलेटला हा मान दिला. घोळीच्या पोटातल्या बोताला मोठा भाव आहे हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण घोळ किती लांबीची झाल्यावर अंडी धरते, कोणत्या महिन्यांत धरते, हे लेखांत वाचायला मिळतं. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली, ती सीएमएफआरआयच्या अभ्यासावरून. उद्या आपल्याकडे अशा लांबीची चर्चा निघाली तर आपल्या प्रतिनिधीने तो अभ्यास वाचूनच बैठकीला जायला हवं. आकडा पटत नसेल तर का पटत नाही हे सांगता आलं पाहिजे, आणि पटत असेल तर पाठिंबा देता आला पाहिजे.

*पाला.* हा समुद्रातून नदीत वर चढून अंडी घालतो. तापीवर काकरापारचा बंधारा झाला, मग १९७० च्या दशकात उकाई धरण, पुढे सुरतेत सिंगणपोरचा बंधारा. माशाची वाट अडली. गोड्या पाण्यावर काम करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं केंद्र वडोदऱ्याला आहे, नर्मदा-तापीतल्या पाल्यासाठी तिकडचे कागद शोधावेत. नदीत पाणी किती सोडावं, माशाला वाट ठेवावी का, या मागण्यांना हाच आधार आहे.

एक सावधगिरी

छापलेलं आहे म्हणून सगळं जसंच्या तसं आपल्या गावाला लागू होत नाही. वेरावळच्या ट्रॉलरचा आकडा डुमसच्या खाडीचा आकडा नसतो. सीएमएफआरआय सगळ्या बंदरांवर रोज माणूस बसवत नाही. काही बंदरं, काही दिवस निवडून मोजतात आणि त्यावरून राज्याचा अंदाज काढतात. पद्धत शास्त्रशुद्ध आहे आणि राज्याच्या पातळीवर तिचा उपयोगही होतो. पण लहान बंदराचं चित्र त्यात बारीक दिसत नाही. त्यातून जो बोट न वापरता ओहोटीला चिखलात चालत जाऊन जाळं लावतो, निवटी धरतो, त्या पगडिया मच्छीमाराची नोंद सुटण्याची भीती सगळ्यात जास्त. हजिरा, सुवाली, डभारीकडच्या मंडळींनी हे मनावर घ्यावं.

यावर उपाय आपल्याच हातात आहे. वही ठेवा. तारीख, उधाण की भांग, कुठे जाळं लावलं, कोणतं जाळं, किती वेळ, कोणती मासळी किती किलो, काय भाव मिळाला. सात रकाने, रोज दोन मिनिटं. लिलावाच्या पावत्या फेकू नका, वहीतच चिकटवा. एका माणसाची वही छोटी वाटते, पण वीस घरांच्या पाच वर्षांच्या वह्या एकत्र आल्या तर त्यावर शास्त्रज्ञाला काम करता येतं. मग तोच कागद उद्याच्या ग्रंथालयात असेल आणि आपल्या पोरांच्या कामाला येईल.

कागद काढताना हे पाळा

- लेख उतरवला की त्याचं नाव, लेखक, साल, अंक आणि पान क्रमांक पहिल्या पानावर लिहा. वकील पहिल्यांदा हेच विचारतो.
- फक्त आपल्या बाजूचं वाक्य कापून घेऊ नका. पूर्ण लेख ठेवा. समोरचा उरलेला लेख वाचून दाखवतो आणि आपण तोंडघशी पडतो.
- ऑनलाइन मिळालं नाही तर संस्थेच्या ग्रंथपालांना ईमेल करा. काय हवंय ते नेमकं लिहा. "मासळीची माहिती द्या" असं नको, "१९७० ते १९८० मधली सुरत जिल्ह्यातल्या बंदरांवरची नोंद" असं लिहा.
- तरीही मिळालं नाही तर माहिती अधिकार कायदा २००५ आहे. केंद्र सरकारच्या संस्थेकडे अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही.

येत्या तारखा: कॅलेंडरवर खूण करा

या तारखा दरवर्षी ठरलेल्या असतात. या सुमारास संस्थांमध्ये व्याख्यानं, प्रदर्शनं, काही ठिकाणी लोकांसाठी खुला दिवस असतो. कार्यक्रम दरवर्षी बदलतो, म्हणून निघण्याआधी फोन करा.

- ३ फेब्रुवारी: सीएमएफआरआयचा स्थापना दिन.
- २८ फेब्रुवारी: राष्ट्रीय विज्ञान दिन. शाळकरी मुलांना प्रयोगशाळा दाखवायला चांगला.
- ८ जून: जागतिक महासागर दिन. तेव्हा बंदी सुरू असते, सगळे घरी असतात.
- १० जुलै: राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन. १९५७ मध्ये याच दिवशी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी कार्प माशांना इंजेक्शन देऊन प्रजनन घडवलं. तलाववाल्यांचा दिवस.
- १२ ऑगस्ट: ग्रंथपाल दिन, एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस.
- २६ सप्टेंबर: सीएसआयआरचा स्थापना दिन, एनआयओ त्यांचीच संस्था.
- ऑक्टोबरचा शेवटचा पूर्ण आठवडा: मुक्त प्रवेश सप्ताह, म्हणजे संशोधन सगळ्यांना मोफत मिळावं यासाठी जगभर पाळला जाणारा आठवडा.
- २१ नोव्हेंबर: जागतिक मत्स्यव्यवसाय दिन.

आपण काय करणार

पश्चिम किनाऱ्यावर केंद्राची पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस असते. राज्याची तारीख वेगळी असू शकते, आदेश पाहूनच बोट काढा. जाळी विणायचे, बोट रंगवायचे हेच दिवस. त्यातलेच काही रविवार वाचनाला देऊ या. संस्थेच्या कार्यालयात दुपारी बसू, एकाने एक लेख उघडायचा, कॉलेजातल्या मुलांनी मराठीत-गुजरातीत समजावून सांगायचं, आणि ज्यांना अनुभव आहे त्या काकांनी-मावशींनी सांगायचं की यातलं खरं किती. मासळी विकणाऱ्या बायकांनी जरूर यावं. कोणती मासळी बाजारात कधी यायची बंद झाली, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

पहिल्या बैठकीला दोन गोष्टी घेऊन या: घरात असेल तो जुन्यात जुना कागद (बोटीची नोंदणी, परवाना, लिलावाची पावती, जुना फोटोसुद्धा) आणि एक कोरी वही. कागदाची प्रत आपण काढून ठेवू, मूळ तुम्हाला लगेच परत.

तुमच्या भागातल्या कोणत्या माशाबद्दल, खाडीबद्दल किंवा जाळ्याबद्दल जुनी माहिती हवी आहे ते कमेंटमध्ये लिहा. आम्ही शोधून पुढच्या पोस्टमध्ये टाकू. पोस्ट आवडली नाही तरी चालेल, पण जो भाऊ रोज चिखलात चालत जाऊन जाळं लावतो आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्याला ही वाचून दाखवा.

सगळ्यांना दर्या राजाचा आशीर्वाद राहो. भेटू या.